वाढत्या अंगाचा स्विमसूट

आमच्या घरी कपडे वाढत्या अंगाचे घेत. शाळेचा गणवेश जूनमध्ये शिवला की तो मला पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास नीट बसायला लागायचा, आणि सुट्टी संपेपर्यंत आखूड व्हायचा. म्हणजे मी मापात असायचो तेव्हा नेमकी शाळा नसायची. ह्यात गरिबी होती असं नाही, शहाणपण होतं. मूल वाढणार हे ठरलेलं असताना आजच्या मापाचं कशाला घ्यायचं, असा सरळ विचार होता. तो मी पुण्याहून लंडनला येताना बरोबर आणला आणि मुलगी झाल्यावर तिच्यावर लागू केला. तिच्या पहिल्या ब्लेझरच्या बाह्या बोटांच्या पुढे जायच्या. शाळेतल्या बाईंनी तिला विचारलं होतं, हा भावाचा का? तिला भाऊ नाही.

मुलगी बारा वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. मी आणि तिची आई वेगळे राहायला लागून वर्ष होत आलं होतं. त्या दोघी स्टॅनमोरच्या घरात राहायच्या आणि मी हाउन्सलोला एका फ्लॅटमध्ये. माझ्या खाली गालिच्यांचं दुकान होतं आणि वर विमानं. चूक कोणाची होती असं मला कोणी विचारत नसे, पण मी आपणहून सांगायचो की माझी. ते खरंही असेल, पण मुख्यतः सवय होती. बायको म्हणायची, ट्रेन लेट झाली तरी तू डब्यातल्या लोकांना सॉरी म्हणतोस.

माझ्या वाट्याला मुलीचे शनिवार आले होते. मी सकाळी स्टॅनमोरला जाऊन तिला घ्यायचो, आम्ही लेझर सेंटरच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक क्रीडाकेंद्राच्या, पूलमध्ये पोहायचो, मग वेम्बलीला ईलिंग रोडवर डोसा खायचो आणि संध्याकाळच्या आत मी तिला घरी सोडायचो. महिन्यातून एकदा ती शुक्रवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे राहायला यायची. पण त्यातलंही खरं म्हणजे पोहणंच. पोहताना बोलावं लागत नाही, आणि पोहून झाल्यावर भूक लागलेली असल्यामुळे डोसा खातानाही बोलावं लागत नाही. न बोलता दोन माणसं इतका वेळ एकत्र राहू शकतात अशा जागा फार नसतात. पोहणं बंद झालं असतं तर आम्ही डोशाकडे बघत बसलो असतो, आणि मग हळूहळू तेही संपलं असतं, अशी माझी खात्री होती.

त्या वर्षी ती एका बॅजची तयारी करत होती. आपल्याकडे असं काही नसतं म्हणून सांगतो. त्यात स्विमसूटवरून नाइटड्रेस घालून पाण्यात उडी मारावी लागते. मग तळाशी टाकलेली रबरी वीट बुडी मारून वर आणायची. मग खोल पाण्यात तरंगत अंगावरचा पायजमा काढायचा, त्याच्या दोन्ही पायांना गाठी मारायच्या, तो डोक्यावरून फिरवून त्यात हवा पकडायची आणि त्या फुग्यावर तरंगत राहायचं. इथली माणसं नाइटड्रेस घालून पाण्यात का पडतात हे मी कधी विचारलं नाही. मी स्वतः पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो होतो, त्यामुळे मला हसण्याचा अधिकार नव्हता. वीट मात्र मला कधी वर आणता आली नाही. मुलगी काठावरून माझी धडपड बघायची आणि मग स्वतः जाऊन ती आणायची.

बॅजची परीक्षा जवळ आली आणि एका शनिवारी ती गाडीत बसताच म्हणाली, "बाबा, माझा कान दुखतो. आज मी फक्त बघते."

ती वर गॅलरीत वेफर्स खात बसली आणि मी एकटा पोहलो. मुलांच्या वेळेत एकटा पुरुष पोहत असला की लाइफगार्ड त्याच्याकडे जास्त वेळ बघतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या शनिवारी तिचा दुसरा कान दुखत होता.

आईबाप वेगळे झालेल्या मुलांना भेटीच्या दिवशी नेमकं काहीतरी दुखायला लागतं, असं मी डेंटिस्टकडच्या एका मासिकात वाचलं होतं. मी आठवडाभर त्याचीच वाट बघत असल्यासारखा होतो. लेझर सेंटरच्या कार पार्कमध्ये गाडी लावल्यावर मी तयार केलेलं भाषण सुरू केलं.

"हे बघ, तुला माझ्याबरोबर यायचं नसेल तर मी समजू शकतो. तुझी त्यात काही चूक नाही. घर सोडून मी गेलो. त्याचा राग..."

"बाबा."

"राग असणं नैसर्गिक आहे. मी तर म्हणतो, राग असायलाच हवा. नसता तर मला जास्त काळजी..."

"बाबा, स्टॉप. मला पीरियड्स आहे."

मी गाडी बंद करायला किल्ली फिरवली. गाडी बंदच होती, त्यामुळे ती सुरू झाली.

"सगळा तुझ्याबद्दल नसतो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. तिचं मराठी इथलं आहे. लिंगं ती अंदाजाने लावते.

मग मला थोडं थोडं कळलं. दोन-तीन महिने झाले होते. आईला अर्थातच माहीत होतं. येतं ते फार नसतं, अगदी थोडं, पण कधी थांबतं आणि कधी परत येतं, पुढच्या आठवड्याचं काही सांगता येत नाही. आई म्हणाली होती, त्या दिवसांत पोहायचं नाही. बॅजची परीक्षा पुढच्याच शनिवारी होती, आणि तिच्या दोन मैत्रिणीही त्याच दिवशी देणार होत्या.

"तुला द्यायची आहे ना?" मी विचारलं.

"ऑफ कोर्स द्यायची आहे. मी ती ब्रिक आय थिंक हजार वेळा काढली आहे."

"मग मी बघतो."

"नको बघूस."

"म्हणजे काहीतरी करतो."

"करू पण नकोस. प्लीज."

आम्ही पूलमध्ये न जाता थेट डोसा खायला गेलो. मला भीती होती तसंच झालं. आम्ही डोशाकडे बघत बसलो.

ह्या विषयात माझी तयारी काय होती तेही सांगायला हवं. लहानपणी मला एवढंच माहीत होतं की आईला कावळा शिवला की वडील पिठलं करतात आणि पिठल्याबद्दल कोणी बोलायचं नाही. पुढे लग्न झाल्यावर मी पुण्यात बायकोसाठी केमिस्टकडून पाकीट आणायचो. केमिस्ट ते आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि मग काळ्या पिशवीत घालायचा, म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला आत काय आहे ते कळायचं. मला मात्र कळायचं नाही, कारण मी ते जसंच्या तसं नेऊन द्यायचो. इतक्या वर्षांत त्या कागदाच्या आत मी एकदाही पाहिलं नव्हतं. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण तेव्हा मला त्यात थोडा अभिमान वाटायचा, हेही खरं आहे.

आता इंटरनेट होतं, पण ते ऑफिसात होतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कोण काय शोधतं हे ऑफिसात कोणाला दिसतं हे मला नीट माहीत होतं, कारण ते दिसतं की नाही हे तपासायचं काम मीच केलं होतं.

म्हणून मी बुधवारी कामावरून सुटल्यावर हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवरच्या एका मोठ्या केमिस्टमध्ये गेलो. आमच्या ओळखीची मंडळी सगळी हॅरो-स्टॅनमोरकडची, इथे मला कोणी भेटणार नाही असा माझा अंदाज होता. ती फळी मी समजलो होतो त्यापेक्षा फार लांब होती. रात्रीचे, दिवसाचे, पंख असलेले, नसलेले, पातळ, अतिपातळ. टॅम्पॉनच्या डब्यांवर थेंबांची चित्रं होती, एक थेंब, दोन थेंब, तीन, असं चढत जाणारं. एखाद्या गोष्टीचे इतके प्रकार असतात तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असतं, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. ते कारण कुठे लिहिलेलं सापडतंय का हे मी बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय हो, इकडे कुठे?"

मराठी मंडळाच्या गणपतीत माइक सांभाळणारे गृहस्थ होते. ते इथे जवळच विमानतळावर कार्गोत नोकरीला होते हे मी विसरलो होतो.

"टूथपेस्ट," मी म्हणालो.

त्यांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "टूथपेस्ट दोन रांगा सोडून."

"हो का."

ते गेले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी घसा साफ केला. "वहिनींसाठी का?"

"मुलीसाठी."

"अच्छा."

आम्ही दोघंही आता शेजारच्या कापसाच्या पाकिटांकडे बघत उभे होतो. कापूस दोघांनाही चालण्यासारखा होता.

"माझ्या दोघींचं सगळं त्यांच्या आईनेच बघितलं," ते कापसाला म्हणाले. "आपल्याला त्यातलं काही कळत नाही. पण मला विचाराल तर मोठं घ्या."

"मोठं?"

"सगळ्यात मोठं. लहान घेतलं आणि पुरलं नाही तर काय करणार? मोठं घेतलं तर फार तर काय होईल, उरेल. उरलेलं कोणाच्या डोळ्यात खुपतंय?"

"तिला फार नसतं म्हणाली. अगदी थोडं असतं."

"आज थोडं असेल."

"आणि तिला पोहायचंय."

"मग तर मोठंच," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून खोकल्याच्या औषधांकडे गेले.

मला हायसं वाटलं. इतक्या परक्या फळीसमोर एक तरी ओळखीचा विचार भेटला होता. वाढत्या अंगाचं घ्यावं. मी पॅडचं सगळ्यात जाड पाकीट उचललं. त्यावर मऊ रंगांत एक बाई आणि एक मूल होतं. आई आणि मुलगी, असं समजून मला ते विशेष योग्य वाटलं. टॅम्पॉनचा सगळ्यात जास्त थेंबांचा डबा घेतला. मग तुलनेसाठी हाताशी असावा म्हणून सगळ्यात कमी थेंबांचाही घेतला. काउंटरवरच्या मुलीने मला फक्त पिशवी हवी का एवढंच विचारलं. पिशवी पांढरी होती आणि तिच्यातून सगळं वाचता येत होतं. घरी जाईपर्यंत कोणीही वाचलं नाही.

घरी येऊन मी डब्यातली पत्रकं नीट वाचली. त्यात लिहिलं होतं की जितकं जातं त्याला पुरेल असा सगळ्यात लहान टॅम्पॉन घ्यावा, मोठा घेऊ नये. एक जास्तीत जास्त आठ तास आत ठेवावा. मोठा टॅम्पॉन विनाकारण वापरला तर क्वचित रक्तात विष पसरण्याचा आजार होऊ शकतो, असंही होतं, आणि ते वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणजे पत्रक एक सांगत होतं आणि मंडळाचे गृहस्थ नेमकं उलटं. दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध जात असतील तर टेस्टरने काय करायचं हे ठरलेलं असतं.

माझ्याकडे कोकमाचं आगळ होतं, वेंगुर्ल्याहून कोणीतरी आणून दिलेलं. मी बाथटब कोमट पाण्याने भरला. पॅडवर चमचाभर आगळ टाकलं, कारण 'थोडं' म्हणजे साधारण तेवढं असेल असा माझा समज होता, आणि ते पाण्यात सोडलं. पॅडने आगळाकडे लक्षच दिलं नाही. त्याने आधी आसपासचं पाणी प्यायलं, मग ते उशीसारखं फुगलं, आणि मग शांतपणे बुडून तळाशी जाऊन बसलं, रबरी विटेसारखं. आगळ सगळीकडे पसरलं. टबातलं पाणी लाल झालं.

मग ग्लास घेतले. लहान टॅम्पॉनने चमचाभर आगळ पिऊन टाकलं आणि त्याला ते पुरलं. सगळ्यात मोठा तेवढ्या आगळात एका बाजूने जरासा रंगला आणि बाकी कोरडा राहिला. कोरडा राहिला की काढताना त्रास होतो, असं पत्रकात होतं. मी लहानाबरोबर दोनदा आणि मोठ्याबरोबर दोनदा करून पाहिलं. पॅडला आणि प्रत्येक ग्लासाला पिवळी चिठ्ठी लावली आणि सगळं बाथरूमच्या खिडकीत मांडून ठेवलं, कारण निकाल फेकून द्यायची मला सवय नाही.

गुरुवारी मी बायकोला फोन केला. तिच्या पाठीमागे हे करणं बरोबर नव्हतं. खरं तर हे बुधवारीच सुचायला हवं होतं.

"तुला तिने सांगितलं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात आश्चर्य होतं.

"गाडीत सांगितलं. तू तिला पोहू नको म्हणालीस?"

"म्हणाले असेन. माझ्या आईने मला सांगितलं होतं, मी तिला सांगितलं. विचार करून नाही सांगितलं. शाळेला उशीर होत होता."

"मग पोहली तर चालेल तुला?"

"चालेल की. पाणी काय माझ्या माहेरचं आहे? तू काय आणलंयस?"

मी पाकिटावरचं वाचून दाखवलं. 

"ते बाळंतिणीचे आहेत," ती म्हणाली.

"नाही, आई आणि मुलगी आहे त्यावर."

"आई आणि बाळ आहे. नीट बघ."

मी नीट बघितलं. बाळ होतं. त्याला दात नव्हते.

"माझ्या वेळी हॉस्पिटलात तूच आणून दिले होतेस हेच," ती म्हणाली. "पुण्यातली पद्धत म्हणून तू इथल्या केमिस्टलाही ते कागदात गुंडाळून द्यायला लावलेस. नर्सला वाटलं सँडविच आणलंय."

"तेव्हा मी उघडून नाही बघितलं."

"ते माहीत आहे मला." मग ती म्हणाली, "तिला विचारलंस का, तिला काय हवंय?"

"मी आधी अभ्यास करतोय."

"स्विमसूटपण असाच अभ्यास करून आणला होतास," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. स्विमसूटचा काय संबंध हे मला तेव्हा कळलं नाही. मी त्याचीही चूक माझ्या नावावर लिहून टाकली आणि विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी आमचा महिन्याचा शुक्रवार होता. मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं, बाथरूममध्ये गेली. मी चहा टाकला. चहाला उकळी आल्यावर मला आठवलं की मी ग्लास हलवलेले नाहीत.

दार उघडलं.

"बाबा, कोणाचा मर्डर झाला?"

"कोकम आहे."

"व्हाय?"

मी जाऊन बघितलं. टब घासूनही गुलाबी राहिला होता, तो आजही तसा असेल. ती टबाच्या काठावर बसली होती आणि तिच्या हातात एक पिवळी चिठ्ठी होती. मराठी वाचताना ती बोट फिरवते. तिने बोट फिरवून वाचलं. "'फुगतं. बुडतं. उपयोग नाही.' हे काय आहे?"

"ते पॅडचं आहे. पाण्यात चालत नाही. हे बाकीचे टॅम्पॉन आहेत. लहानवाला तुझ्यासाठी योग्य आहे असं दिसतंय. मी दोनदा करून पाहिलं."

तिने मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले. मी सॉरी म्हणालो. मी म्हणालो की मला विचारायला हवं होतं, की आईनेही तेच सांगितलं, की मी आत्ता हे सगळं टाकून देतो आणि ह्यापुढे तिला पूलवर यायची गरज नाही, आपण दुसरं काहीतरी करू, म्युझियम वगैरे.

तिने मान वर केली. ती हसत होती. हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आय ऑलरेडी हॅव इट," ती म्हणाली. तिने बॅगेतून एक छोटा टॅम्पॉन काढून दाखवला. मैत्रिणीने दिला होता. एकच थेंबवाला. "मी तिच्या घरी ट्राय पण केला. पहिला वीअर्ड होता. मग कळलाच नाही."

"मग अडचण काय होती?"

 मग तिने बॅगेतून तिचा स्विमसूट काढला आणि शाळेच्या स्कर्टवरून अंगाला लावून धरला. गडद निळा होता. ती अकरा वर्षांची असताना मी तो चौदा वर्षांच्या मुलीच्या मापाचा आणला होता. मांड्यांपाशी तो इतका सैल होता की तिच्या मांडीबरोबर माझा हातही आत गेला असता.

"पाण्यात हा फुगतो," ती म्हणाली. "इथून सगळा दिसतो. मी पायजमा काढणार, सगळे बघणार, आणि टॅम्पॉनची ती स्ट्रिंग बाहेर आली असली तर? मग मी त्या पूलमध्ये परत कधीच येणार नाही. नेव्हर. तुझ्याबरोबर पण नाही."

"मग मला सांगायचंस ना, स्विमसूट सैल आहे."

"मी सांगितला होता. तू म्हणालास, अजून एक वर्ष तरी जाईल."

म्हणालो होतो. मला ते वाक्य नीट आठवत होतं. मला ते बोलून बरंही वाटलं होतं.

"म्हणून कान," मी म्हणालो.

"म्हणून कान."

आम्ही चहा प्यायलो. पॅडचं उरलेलं पाकीट तिने उचलून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, धिस इज फॉर पीपल हू हॅव्ह हॅड अ बेबी."

"हो," मी म्हणालो. "ते मला काल कळलं."

शनिवारी परीक्षेच्या आधी आम्ही खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकान उघडायच्या आधीच दारात उभे होतो. ती सरळ काळ्या स्विमसूटांकडे गेली. तिचं माप सापडलं. माझा हात त्याच्या मागच्या हँगरवर गेला. मी तो मुद्दाम नेला नव्हता, तो आपला आपण गेला. एकच माप मोठा, फार नाही. तिने माझ्या हाताकडे बघितलं. मी हँगर सोडला.

ती आत जाऊन घालून आली आणि पडद्याच्या फटीतून म्हणाली, "फिट आहे."

सहा महिन्यांत तो तिला लहान होणार हे मला तिथे उभ्याउभ्या दिसत होतं. मी काही बोललो नाही. आयुष्यात आधी न केलेल्या गोष्टी माणूस कधीकधी अशा दुकानात करतो.

पूलवर ती बायकांच्या चेंजिंग रूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. परीक्षेच्या दिवशी आईवडिलांना वर गॅलरीत बसवतात. मी वर गेलो तर बायको तिथे बसलेली होती. ती येणार आहे हे मला माहीत नव्हतं. मी एक खुर्ची सोडून बसलो.

"विचारलंस तिला?" तिने खाली बघत विचारलं.

"तिनेच सांगितलं."

"काय हवं होतं?"

"तिच्या मापाचा स्विमसूट."

बायकोने मान डोलावली. ते तिच्याकडून पुष्कळ होतं.

मग मुलं रांगेने बाहेर आली, सगळी नाइटड्रेसमध्ये, जणू आग लागून इमारत रिकामी केली आहे. आमची मधोमध होती. तिने वर बघितलं नाही. उडी मारली, पोहली, विटेसाठी खाली गेली आणि रिकाम्या हाताने वर आली. बायकोने माझ्या आणि तिच्या मधल्या खुर्चीचा हात धरला. मुलीने श्वास घेतला, परत गेली आणि वीट घेऊन वर आली.

मग पायजमे. शिक्षिकेने शिट्टी वाजवल्यावर सगळ्यांनी खोल पाण्यात आपापले पायजमे काढायला सुरुवात केली. तिने एकाही हाताने काठ न धरता तो काढला. काळा स्विमसूट अंगाला चिकटून होता. काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी कोणी बघत नव्हतं, कारण जो तो आपल्याच पायजम्याशी झुंजत होता. तिने एकदा स्वतःकडे खाली बघितलं. मग तिने वर गॅलरीकडे बघितलं, पहिल्यांदाच, आणि गाठी मारायला लागली.

बाकीच्या मुलांचे पायजमे त्यांच्या मापाचे होते. त्यांत थोडी हवा भरली, त्यांच्या काकडीएवढ्या गुंडाळ्या झाल्या आणि त्या हळूहळू बुडायला लागल्या. तिने आपला डोक्यावरून फिरवून पाण्यावर आपटला. तो फुगला तो फुगतच गेला. त्याचे दोन्ही पाय तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी हत्तीच्या सोंडांसारखे उभे राहिले. ती त्यावर रेलली. शिक्षिकेने वेळ संपल्याची शिट्टी वाजवली, बाकीची मुलं काठाला लागली, आणि ती तशीच तरंगत राहिली. तिला नाव घेऊन बाहेर बोलवावं लागलं.

"तो पायजमा किती मापाचा आणलास तू?" बायकोने विचारलं.

"वाढत्या अंगाचा."

"कोणाच्या?"

बायकोला नंतर कुठेतरी जायचं होतं. तिने मुलीला जवळ घेतलं, कानात काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं आणि गेली. आम्ही दोघं कार पार्ककडे निघालो. ओला पायजमा माझ्याकडे होता. तो पिळूनही इतका जड होता की मी तो दोन हातांत धरला होता. मला विचारायचं होतं ते विचारायचं नाही हे मला एव्हाना समजलं होतं, म्हणून मी विचारलं, "पाणी कसं होतं?"

"थंड." ती गाडीत बसली. "बाबा, पायजमा मोठी होती ते बरा झाला."

"हो."

"स्विमसूट नाही. फक्त पायजमा."

"कळलं."

मी गाडी सुरू केली. वेम्बलीच्या वळणावर लाल दिव्यापाशी ती म्हणाली, "नेक्स्ट सॅटरडे लवकर ये. उशिरा गेलो की लेन मिळत नाही."

मी म्हणालो येतो. मग मला राहवलं नाही आणि मी तिच्या कानांची चौकशी केली.

"कुठले कान?" ती म्हणाली.